टेक्सासमधील ओपन कॅरी विधेयक : बंदूकधारकांतच दुफळी का माजली?

डॅलसजवळच्या अर्व्हिंगमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : "माझ्या कार्यालयातील दोन सहकारी मूळचे टेक्सासचेच आहेत. दोघांकडेही पिस्तूल बाळगण्याचा परवाना आहे, आणि तरीही २०१५ च्या ओपन कॅरी (म्हणजे पिस्तूल न झाकता, उघडपणे बाळगण्याच्या) कायद्याचा विषय निघाला की दोघे हमरीतुमरीवर येतात. एकाच्या मते तो हक्काचा विजय होता. दुसऱ्याच्या मते त्या कायद्याने परवानाधारकांच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. बंदूक बाळगणारे सगळे अशा विधेयकाच्या बाजूने असणार, असे मी धरून चाललो होतो. मग हा वाद नेमका कशावरून आहे, आणि दोघांपैकी कोणाचे बरोबर?"

मी टेक्सासमध्ये पिस्तुलाच्या परवान्याचे वर्ग घेतो आणि हे विधेयक विधिमंडळात होते तेव्हाही घेत होतो, त्यामुळे आपल्या सहकाऱ्यांचा वाद मला नवा नाही. माझ्याकडे निवृत्त शिक्षिका येत, रात्रपाळीच्या परिचारिका येत, पेट्रोल पंप चालवणारे देशी दुकानदार येत, शिकारी आणि माजी सैनिकही येत. या मंडळींची मते पक्ष किंवा वय पाहून ओळखता येत नसत. माणूस दिवसभर कोठे वावरतो यावरून मात्र बहुतेक वेळा ओळखता येत. कुंपणाची दुरुस्ती करून चिखलाच्या बुटांनिशी तालुक्याच्या गावी सामान आणायला जाणाऱ्या शेतकऱ्याला कमरेचे पिस्तूल झाकण्यासाठी ऑगस्टच्या उन्हात जाकीट घालावे लागणे हा शुद्ध जाच वाटे. डॅलस किंवा ह्यूस्टनमध्ये दिवसातून दहा दुकानांच्या दारांतून आत-बाहेर करणाऱ्या परवानाधारकाला मात्र त्या विधेयकाची धास्ती वाटे, आणि त्या धास्तीला कारण होते.

ते कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. टेक्सास म्हणजे कमरेला पिस्तूल लटकवून हिंडणाऱ्यांचा मुलूख, हे चित्र पडद्यावरचे आहे. यादवी युद्धानंतरच्या काळात, १८७१ मध्ये, या राज्याने घराबाहेर पिस्तूल बाळगण्यावर कडक निर्बंध घातले आणि ते थोड्याफार फरकाने सव्वाशे वर्षे टिकले. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातील ल्यूबीज नावाच्या उपाहारगृहात एका माथेफिरूने २३ जणांना ठार केले. त्या वेळी तेथे असलेल्या सुझॅना ग्रेशिया यांचे आईवडील त्यात मारले गेले. कायदा मोडायला नको म्हणून त्यांनी आपले रिव्हॉल्व्हर बाहेर मोटारीतच ठेवले होते. त्यांची साक्ष राज्यभर गाजली आणि पुढे त्या स्वतः आमदारही झाल्या. १९९५ मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने प्रशिक्षण, लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी आणि पार्श्वभूमीची तपासणी यांतून पार पडलेल्या नागरिकाला पिस्तूल बाळगण्याची मुभा दिली; अट एवढीच की ते कोणाला दिसता कामा नये.

या अटीमुळे परवानाधारक आणि दुकानदार यांच्यात एक न बोललेला समझोता तयार झाला, आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ तेथे आहे. आपल्या जागेत पिस्तूल नको असेल तर दुकानदाराने काय करायचे, हे दंडसंहितेच्या कलम ३०.०६ ने ठरवून दिले होते. साधी "बंदूक आणू नये" अशी चिठ्ठी चालत नाही. कायद्यातला मजकूर शब्दशः, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, पार्श्वभूमीवर उठून दिसणाऱ्या रंगात, किमान एक इंच उंचीच्या मोठ्या अक्षरांत, सहज नजरेस पडेल असा लावावा लागतो. एक इंच उंचीच्या अक्षरांत एवढा मजकूर लिहिला की काचेच्या दाराचा मोठा भाग त्यातच जातो. ज्या गोष्टीची कोणी तक्रार करत नाही, जी कोणाच्या डोळ्यांना दिसतही नाही, तिच्यासाठी आपल्या दाराची अशी शोभा करून घ्यायला फारच थोडे दुकानदार तयार झाले. गिऱ्हाईक पिस्तूल झाकून येई, दुकानदाराला पत्ता नसे, किंवा असला तरी तो विचारत नसे. २०१५ पर्यंत परवानाधारकांची संख्या आठ लाखांच्या वर गेली होती आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना या व्यवस्थेबद्दल तक्रार नव्हती.

तक्रार होती ती दुसऱ्या एका गटाची, आणि त्यांचे म्हणणे तर्काला धरूनच होते. टेक्सासमध्ये रायफल किंवा शॉटगन खांद्याला लावून रस्त्याने चालायला परवाना लागतच नसे. म्हणजे एआर-१५ सारखी रायफल उघडपणे चालते, परंतु कमरेचे छोटे पिस्तूल शर्टाबाहेर आले की गुन्हा. ही विसंगती लोकांच्या डोळ्यांत भरावी म्हणून 'ओपन कॅरी टेक्सास' आणि तिच्यासारख्या संघटनांचे कार्यकर्ते २०१३ पासून रायफली घेऊन मोर्चे काढू लागले, आणि मोर्चा संपल्यावर तशाच रायफलींसह उपाहारगृहांत जेवायलाही जाऊ लागले. विसंगती लोकांच्या डोळ्यांत भरली खरी, पण परिणाम उलटा झाला. बरिटो खायला मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबाला शेजारच्या टेबलावर रायफल घेऊन बसलेला माणूस घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीवर, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर, भाष्य करतो आहे, हे कळण्याचा मार्ग नसतो. स्टारबक्सने सप्टेंबर २०१३ मध्येच गिऱ्हाइकांना बंदुका आणू नयेत अशी विनंती केली होती; मे २०१४ मध्ये चिपोटले, सोनिक आणि चिलीज या उपाहारगृहांच्या साखळ्यांनी, तर जुलैमध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीने तेच केले.

याच वेळी फूट उघडी पडली. मे २०१४ च्या अखेरीस खुद्द एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या देशव्यापी संघटनेच्या) कायदेविषयक विभागाने आपल्या संकेतस्थळावर रायफलींचे हे प्रदर्शन विचित्र आहे आणि त्याने आपल्याच बाजूचे नुकसान होते, असे स्पष्ट लिहिले. टेक्सासमधील कार्यकर्त्यांनी एनआरएची सदस्यत्वाची कार्डे कापून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली, आणि काही दिवसांतच विभागाचे प्रमुख ख्रिस कॉक्स यांनी ते मत एका कर्मचाऱ्याचे होते, संघटनेचे नव्हे, असा खुलासा केला. त्या आठवड्यातील माझ्या वर्गात, पहिले निवेदन बरोबर होते असे मानणारे बरेच भेटले आणि माघारच योग्य होती असे मानणारेही भेटले. मला पहिले निवेदन अधिक शहाणपणाचे वाटले होते.

जानेवारी २०१५ मध्ये विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले, तेव्हा एका ओपन कॅरी गटाचे कार्यकर्ते आमदार पोंचो नेव्हारेझ यांच्या कार्यालयात शिरले आणि सांगूनही बाहेर पडेनात. परिणामी सभागृहाने आमदारांच्या कार्यालयांत धोक्याची घंटा बसवण्याची सोय केली. ज्यांच्या मतांवर विधेयक अवलंबून आहे त्यांनाच घाबरवण्यात कसले राजकारण, हे मला आजही उमगलेले नाही. त्यानंतर चर्चा दोन विधेयकांभोवती फिरली. आमदार जोनाथन स्टिकलंड यांचे विधेयक परवान्याची अटच काढून टाकणारे होते. लॅरी फिलिप्स यांचे 'एचबी ९१०' परवाना कायम ठेवून फक्त लपवण्याची अट काढत होते. त्यामुळे ओपन कॅरीच्या समर्थकांतही दोन तट पडले : एकाला परवान्यासह उघडपणे बाळगणे पुरेसे वाटे, तर दुसऱ्याला घटनेने दिलेल्या हक्कासाठी सरकारकडे शुल्क भरून परवानगी मागणे हीच मानहानी वाटे. दुसऱ्या तटाच्या लेखी फिलिप्स यांचे विधेयक म्हणजे तडजोड नसून शरणागती होती.

आता प्रत्यक्ष मुद्द्यांकडे येतो. ज्यावर सर्वांत जास्त आरडाओरडा होतो तो मुद्दा मी लवकर संपवतो, कारण त्यात हाती लागण्यासारखे फार नाही. एक बाजू म्हणते की कमरेला पिस्तूल दिसले तर चोर-दरोडेखोर दुसरीकडे वळतो. दुसरी म्हणते की पूर्वतयारीने आलेला हल्लेखोर पहिली गोळी त्याच माणसाला घालेल. दोन्ही प्रकार घडू शकतात. यांपैकी कोणता किती वेळा घडतो, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला कोणत्याच बाजूला भेटलेला नाही. छाती ठोकणारे मात्र खूप भेटले.

त्याच्या शेजारचा एक मुद्दा मात्र हाताने दाखवता येतो, आणि तो होल्स्टरचा, म्हणजे पिस्तूल ठेवण्याच्या म्यानाचा आहे. वर्गात मी एका विद्यार्थ्याच्या कमरेला निळ्या प्लास्टिकचे नकली पिस्तूल साध्या होल्स्टरमध्ये लावतो. साधे होल्स्टर म्हणजे ज्यात पिस्तूल केवळ घट्ट बसल्यामुळे टिकून राहते ते. त्याच्या दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या देतो आणि पैसे देण्याच्या रांगेत असल्यासारखे उभे करतो. मग मागच्याला खूण करतो. समोरचा पिशव्या टाकून कमरेकडे हात नेईपर्यंत पिस्तूल गेलेले असते, आणि आपण पाहत असताना ते झाले यावर त्याचा विश्वास बसत नाही. पोलिसांच्या होल्स्टरला अंगठ्याने दाबल्याशिवाय न उघडणारी कडी असते. तेच पिस्तूल त्यात ठेवले तर मागचा माणूस नुसता हिसडे देत राहतो. लपवलेल्या पिस्तुलाला हा धोका जवळजवळ नसतो, कारण ते कोठे आहे हेच मागच्याला ठाऊक नसते. कायद्याने शेवटी एवढेच सांगितले की उघडे पिस्तूल खांद्याच्या किंवा कमरपट्ट्याच्या होल्स्टरमध्ये हवे; कडी असलेले होल्स्टर सक्तीचे झाले नाही, फक्त त्याची माहिती प्रशिक्षणात द्यावी असे ठरले. चार ते सहा तासांच्या वर्गात ती माहिती किती मुरते, हे मी रोज पाहतो. विधेयकाला विरोध करणारे बरेच प्रशिक्षक याच कारणाने विरोध करत होते, आणि विधेयकाच्या बाजूचे लोक मात्र ते आपल्या धंद्याची काळजी करतात असे म्हणून त्यांना गप्प बसवत.

विधेयकाच्या बाजूने असलेला सर्वांत सयुक्तिक मुद्दा फारसा गाजला नाही. वरच्या फडताळातला डबा काढायला हात उंच केला, शर्ट वर सरकला आणि पिस्तूल दिसले, तर परवानाधारक गुन्हेगार ठरेल का, ही भीती जुनी होती. २०१३ मध्ये कायदा बदलून पिस्तूल जाणूनबुजून दाखवले तरच गुन्हा, असे करण्यात आले, तरीही "जाणूनबुजून" की "चुकून" हे ठरवणार कोण, हा प्रश्न उरलाच. उघडपणे बाळगणेच कायदेशीर झाले की हा प्रश्न मुळातून संपतो. माझ्या अनेक विद्यार्थ्यांना उघडे पिस्तूल लावून हिंडायचे नव्हते, परंतु एवढ्या एका कारणासाठी त्यांना विधेयक हवे होते. हे लोक दोन्ही बाजूंच्या मोजणीत कोठेच दिसत नाहीत.

विधिमंडळात खरी ओढाताण झाली ती पोलिसांवरून. पोलिसप्रमुखांच्या राज्य संघटनेने आपल्या सदस्यांची मते घेतली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश प्रमुखांनी विरोध नोंदवला होता. उघडे पिस्तूल दिसले म्हणून पोलिसाने थांबवून परवाना मागावा की नाही? ह्यूस्टनचे डेमोक्रॅट आमदार हॅरल्ड डटन यांनी आणि सिनेटमध्ये डॅलसचे रिपब्लिकन डॉन हफाइन्स यांनी अशी दुरुस्ती मांडली की केवळ पिस्तूल दिसते एवढ्या कारणावरून पोलिसाला कोणालाही अडवता येऊ नये. एकाला कृष्णवर्णीय नागरिकांनाच वारंवार अडवले जाईल याची चिंता होती, दुसऱ्याला सरकारी हस्तक्षेपाची चीड होती, आणि दोघे एका ओळीवर आले. पोलिस संघटना मात्र खवळल्या : परवाना असलेलाच माणूस उघडे पिस्तूल बाळगू शकतो असा कायदा करायचा आणि परवाना आहे का हे विचारू द्यायचे नाही, मग परवान्याला अर्थ काय उरतो, असा त्यांचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. मेच्या अखेरीस दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने ती दुरुस्ती वगळली, विधेयक मंजूर झाले, आणि १३ जून २०१५ रोजी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी ऑस्टिनजवळच्या फ्लुगरव्हिल गावातील एका नेमबाजी केंद्रात त्यावर सही केली. १ जानेवारी २०१६ पासून तो कायदा अमलात आला आणि कोणत्या ना कोणत्या स्वरूपात उघडे पिस्तूल चालणारे टेक्सास हे ४५ वे राज्य ठरले.

आपण अर्व्हिंगला राहता म्हणून एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगतो. परवाना मागायला येणारा पोलिस आणि आपण यांच्यात जे घडते ते आपल्या वर्णावरही अवलंबून असते, हे डटन यांचे म्हणणे माझ्या देशी विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागत नाही. उघडे पिस्तूल लावून महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर उतरणारा सावळा दाढीवाला आणि तसाच उतरणारा गोरा शेतकरी यांच्याविषयी ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर येणारे फोन सारखे नसतात. हक्क कागदावर सारखाच आहे.

आता पुन्हा दाराकडे येऊ. नव्या कायद्याने उघड्या पिस्तुलासाठी कलम ३०.०७ ची वेगळी पाटी आणली, आणि ती प्रत्येक प्रवेशद्वारावर हवी असे ठरवले. वीस वर्षे ज्याला विचार करावा लागला नव्हता त्या दुकानदाराला आता निर्णय घेणे भाग पडले. बऱ्याच मोठ्या साखळ्यांनी मधला मार्ग काढला : एचईबी ही किराणा दुकानांची साखळी आणि व्हॉटाबर्गर ही बर्गरची साखळी यांनी लपवलेले चालेल, उघडे नको, असे जाहीर केले. व्हॉटाबर्गरचे प्रमुख प्रेस्टन ॲटकिन्सन यांनी त्याविषयी जाहीर पत्र लिहिले, आणि आपण स्वतः शिकारी आहोत व आपल्याकडे परवानाही आहे, हे त्यात आवर्जून नोंदवले. मला ते पत्र महत्त्वाचे वाटते, कारण तेथे बंदूकद्वेष्टा दुकानदार विरुद्ध बंदूकप्रेमी गिऱ्हाईक असा सामना नव्हताच; दोन्हीकडे परवानाधारक होते.

छोट्या व्यावसायिकांचे काय झाले ते माझ्या परिसरात मी पाहिले. पाटी लावायचीच आहे तर छापणाऱ्याकडून दोन्ही एकदम आणू, असा विचार काहींनी केला आणि ३०.०६ शेजारी ३०.०७ लागली. ज्या दंतवैद्याच्या, ज्या न्हाव्याच्या दारातून माझे विद्यार्थी वर्षानुवर्षे झाकलेले पिस्तूल घेऊन निर्धास्त जात होते, तेथे आता त्यांना ते मोटारीत ठेवून जावे लागले, आणि मोटारीत ठेवलेले पिस्तूल चोरीला जाण्याचा संभव सर्वाधिक असतो. पाटी ओलांडण्याचा दंड जास्तीत जास्त २०० डॉलर आहे, तोंडी सांगूनही बाहेर न गेल्यास मात्र गुन्हा बराच गंभीर होतो. उघडे पिस्तूल लावून फिरणारे लोक डॅलस परिसरात तेव्हाही क्वचितच दिसले आणि आजही क्वचितच दिसतात. थोड्यांनी वापरलेल्या मुभेची किंमत पुष्कळांनी दारादारांवर मोजली, हे आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याचे गाऱ्हाणे मला खरे वाटते.

पहिल्या सहकाऱ्याचे म्हणणेही मी टाकून देत नाही. रस्त्यांवर रक्ताचे पाट वाहतील, पार्किंगच्या भांडणातून गोळीबार होतील, असे जे भाकीत विरोधक करत होते, त्यातले मी माझ्या आसपास काही पाहिले नाही. कायदा आला आणि बहुतेकांना त्याचा विसर पडला. ७ जुलै २०१६ रोजी डॅलसमध्ये मोर्चाच्या वेळी पाच पोलिसांची हत्या झाली, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. मोर्चात वीस-तीस जण रायफली घेऊन आले होते. गोळीबार सुरू होताच ते धावले, आणि त्यांच्यापैकी एका निर्दोष माणसाचे छायाचित्र पोलिसांनी संशयित म्हणून प्रसिद्ध केले. त्याने आपली रायफल स्वतःहून पोलिसांच्या हवाली केली होती. पोलिसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी गर्दीत खांद्याला रायफली असताना कोण कोणाच्या बाजूचा हे ओळखणे किती कठीण जाते, हे नंतर सांगितले. हे उदाहरण २०१५ च्या कायद्याविरुद्ध सर्रास दिले जाते आणि ते चूक आहे. रायफल उघडपणे बाळगणे त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होते. त्या रात्रीचा पिस्तुलाच्या परवान्याशी काही संबंध नव्हता. हे आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याला जरूर सांगा.

आणि पहिल्याला हेही सांगा की २०१५ ची ती तडजोड आता उरलेली नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून, बंदूक बाळगण्यास कायद्याने अपात्र नसलेल्या २१ वर्षांवरील व्यक्तीला टेक्सासमध्ये परवान्याविनाच पिस्तूल बाळगता येते, मग ते होल्स्टरमध्ये उघडे असो वा लपवलेले. स्टिकलंड यांच्या तटाने सहा वर्षांत आपले म्हणणे खरे करून घेतले. त्याही वेळी परवानाधारकांत आणि प्रशिक्षकांत फूट पडलीच, आणि दारावर आणखी एका पाटीची भर पडली : परवाना नसलेल्यांसाठी कलम ३०.०५ ची. एखाद्या दारावर आता तीन निरनिराळ्या पाट्या असू शकतात आणि त्यांतील कोणती आपल्याला लागू आहे हे वाचून ठरवावे लागते. परवाना मात्र अजूनही काढण्यासारखा आहे, कारण इतर अनेक राज्यांत तो मान्य होतो आणि ३०.०५ ची पाटी साधारणपणे परवानाधारकाला अडवत नाही.

आपण प्रश्नात विचारले नाही, परंतु विचारायला हवे होते असे एक राहिले. सहकाऱ्यांच्या नादाने स्वतःसाठी पिस्तूल घेण्याचा विचार असेल तर आधी आपला व्हिसा पाहा. एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. टेक्सासचा कायदा कितीही सैल असला तरी तो ही मनाई उठवू शकत नाही, आणि तिचे उल्लंघन झाले तर तुरुंगवासापर्यंत आणि देशाबाहेर काढले जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अडचण राहत नाही. सहकाऱ्याबरोबर नेमबाजीच्या केंद्रावर जाऊन त्याचे पिस्तूल हातात घेऊन पाहणेही या मनाईत मोडू शकते, म्हणून त्याने शनिवारी बोलावले तर आधी वकिलाला विचारा आणि मगच जा.